शाळा ‘ब’

‘तुम्ही आमच्या लेकरांच्या तोंडात पीठ घातलंत आणि औषध म्हणून सांगितलंत.’

अनसूया टीचरनं पहिलं वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. राग यायला हवा होता. आला नाही. हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा वहीवर पडून राहिला.

तेलंगणातल्या गदवालच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा तिसरा दिवस. रोज एक शोधनिबंध वाचायचा आणि ‘या वाचनातून मी काय शिकले’ ते पानभर लिहायचं. आजचा निबंध रक्त आणि अभ्यास यांवरचा. पाच शाळांतल्या मुलींना वर्षभर दर सोमवारी लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या पाच शाळांत तशाच दिसणाऱ्या पिठाच्या. कुठं काय, ते शिक्षकांना कळू दिलं नाही. लोहवाल्या मुली गणितात पुढं गेल्या. पिठाच्या यादीत शाळा ‘ब’ होती. कृष्णेच्या काठची, एकशिक्षकी, मुली एकोणतीस. तिच्या शिक्षिकेचं कौतुकही छापलं होतं. एकही सोमवार चुकला नाही म्हणे.

चुकेल कसा? जीभ वर करायला लावून, गोळी गिळली की नाही ते अनसूया स्वतः बघायची. पालकांची संमती घेतली, असंही छापलं होतं. कागद इंग्रजीत होता. अंगठे तिनंच उमटवून घेतले होते.

शेजारी बसलेले शिक्षक यादगिरी सार वहीवर वाकले. “अनसूयम्मा, पुराण लिहिताय का? मी चार ओळींत उरकलं. लोह चांगलं, पालेभाजी खावी. चला, भात निवतोय.”

“माझी शाळा आहे ही, सार.”

“असेना. नाव कुठं छापलंय?”

ती लिहीत राहिली. मल्लेश्वरी, पाचवी. पाढे म्हणता म्हणता झोपायची. वर्षअखेरीला तिचा बाप नरसिंहुलू शाळेच्या दारात उभा राहिला, चपला हातात घेऊन. “टीचरम्मा, शिकेल का पोरगी? शिकणार असली तर ठेवतो.” अनसूया म्हणाली होती, “वर्षभर औषध दिलं, तरी हीच गत. हिच्या डोक्यातच नाही.” दुसऱ्या दिवसापासून मल्लेश्वरी बियाण्याच्या कपाशीत, संकरासाठी फुलावर फूल घासायला, मजुरीनं जाऊ लागली. दोन वर्षं झाली. अजून जाते.

प्रशिक्षक प्रसाद सारांनी वही उचलली, वाचली, हळूच खाली ठेवली.

“टीचर, याला चिंतन म्हणत नाहीत. ही तक्रार झाली. शास्त्रात असं करावंच लागतं. तुलनेला कुणीतरी लागतंच ना?”

“बरं.”

“हे पान फाडा. दुसरं लिहा, मी गुण देतो.”

तिनं पान फाडलं. घडी घालून कमरेला खोचलं.

“संध्याकाळी मी नरसिंहुलूच्या घरी जाणार आहे,” ती म्हणाली. आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. “पोरीला परत शाळेत पाठव म्हणणार. तो विचारेल, ‘तेव्हा तुम्हीच नाही म्हणालात, टीचरम्मा. आता असं काय झालं?’ मी त्याला काय सांगू? उठू नका, सार. तेवढं सांगा आणि मग जा.”