पिशाच्चाचा आवाज

दर रविवारी सकाळी कौसल्याच्या घरी टीव्हीवर रक्त पिणाऱ्या पिशाच्चांचं हिंदी कार्टून लागायचं. एकदा शेजारची हबीबा साखर मागायला आली आणि दारातच खिळून राहिली. पडद्यावर काळ्या झग्यातलं पिशाच्च बोलत होतं, पण आवाज तिच्या ताहीरचा होता. "नाटकाचा नाद सोड, नाहीतर आमच्यासाठी मेलास," असं बापाने सुनावलं, त्या दिवशी घर सोडून गेलेल्या ताहीरचा.

"कौसल्या, हा माझा पोर बोलतोय गो."

"काहीतरीच काय, भाभी! चित्रं हायत ती."

त्यानंतर हबीबा दर रविवारी येऊन कौसल्याच्या पोरांच्या मागे बसू लागली. पिशाच्च आलं की पोरं कान झाकून घ्यायची, हबीबा मात्र डोळे मिटून ऐकत राहायची. नवऱ्याला, नूर मोहम्मदला, तिने यातलं काहीच सांगितलं नाही. घरात ताहीरचं नाव काढलेलं त्याला खपत नसे.

एका रविवारी गल्लीतले कापड विणायचे लूम बंद होते, गल्ली इतकी शांत होती की टीव्हीचा आवाज भिंतीपलीकडेही जात होता. बर्फात उभं राहून पिशाच्च एका बंद दारापाशी कळवळत होतं, "कोई तो अंदर बुला लो. बाहर बहुत ठंड है." हबीबाने तोंडात पदर कोंबला.



तेवढ्यात भिंतीपलीकडे तिच्या घराची कडी निघाल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ म्हाताऱ्या नूर मोहम्मदचा, "ये बाबा, आत ये."