पाव इंच वाळवंट

“काकू, नुसती वाळूच काढायची होती, तर एवढ्या उन्हात कशाला गेलात? घरी बसून नसती काढता आली?”

विचारलं एकदाचं! दुकानाच्या काचेला बाहेरून नाकं चिकटवून उभ्या असलेल्या तिघी मैत्रिणी हसून हसून खाली बसल्या. काकूंना हे विचारायची पैज फ्रेमवाल्यांच्या मुलीने जिंकली होती. आत मात्र आईचे डोळे मोठे झाले आणि बाबांची मोजपट्टी हवेतच थांबली. फ्रेम करून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला असं विचारतात?

काकू टेबलावरच्या आपल्या चित्राकडेच बघत होत्या. वाळवंटाच्या कडेच्या गावात राहून त्या जन्मभर तैलरंगात तेच वाळवंट रंगवत आल्या होत्या. असले प्रश्न त्यांना नवे नसावेत.

“घरी बसून काढली असती, तर पिवळी काढली असती,” त्या म्हणाल्या.

ती वाकली. खरंच की! अख्ख्या चित्रात पिवळा रंग औषधालाही नव्हता. गुलाबी होता, राखाडी होता, एका उतारावर तर चक्क कांद्याच्या सालीचा जांभळा. आणि तरी लांबून सगळी वाळूच! पैज, मैत्रिणी, सगळं ती विसरली. नाकाला रंग लागेल इतकी जवळ गेली.

“आणि इथे खाली काय सांडलंय?”

अगदी खालच्या कडेला निळसर काहीतरी होतं. एक मोठा गोल उंचवटा आणि त्याला खेटून एक चिमुकला.

“सांडलं नाही गं. ती माझ्या डोक्यावरच्या छत्रीची सावली.”

“आणि ही पिटुकली?”

“छत्री धरणाऱ्याची. आमचे हे. छत्री सगळी माझ्यावर आणि स्वतःचं टक्कल उन्हात! वर तोंडाची टकळी सुरूच, ‘संपली का गं वाळू? किती राहिली अजून?’” काकू हसल्या. मग म्हणाल्या, “आता मी खिडकीतून दिसेल तेवढंच काढते. एका हातात छत्री धरून नाही जमत.”

 बाबांनी मोजपट्टी चित्राच्या खालच्या कडेवर ठेवली.

“फ्रेमची कड चित्रावर पाव इंच चढणार, चारी बाजूंनी. नाहीतर चित्र धरून राहत नाही.”

पट्टीखाली वाळू झाकली गेली. दोन्ही उंचवटेही.

“काका, पण ते...” ती गडबडून बाबांनाच काका म्हणाली.

“जाऊ दे गं,” काकू म्हणाल्या. “तिथे आहेत, हे मला माहितीय ना.”

त्यांनी पर्स काखेला लावली. बाहेर मैत्रिणी हातवारे करून बोलावत होत्या. तिने तिकडे पाठ फिरवली. दुकानात आजवर तिला काचा पुसण्यापलीकडे कशालाही हात लावू दिला नव्हता, करवतीला तर नाहीच. तिने बाबांच्या बोटांखालून मोजपट्टी हळूच ओढून घेतली. कडेला निळी छत्री परत उगवली, शेजारी टक्कलही.

मग तिने चित्र अलगद उलटं केलं आणि कॅनव्हासमागच्या लाकडी चौकटीवर टकटक केलं.

“बाबा, याची फ्रेम मी करणार. स्क्रू मागून, या लाकडात मारायचे. पुढची कड चित्रावर चढणारच नाही, चहूकडून बोटभर लांब राहील.”

“अगं, तुला करवत तरी...” आई म्हणाली.

“कापणार मीच. तुम्ही दोघांनी फक्त पट्टी धरून उभं राहायचं.”