मराठी टिकत नाही

एरंडोलच्या एका छापखान्यात निलोफर लग्नपत्रिका टाईप करायची. तिने बाळंतपणाची रजा मागितली, तेव्हा मालक अमृतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "रजा कशाला? आता घरीच बस." जाण्याआधी निलोफरने छापखान्याच्या लिनक्स कॉम्प्युटरमध्ये एका फाईलच्या शेवटी गुपचूप एक कमांड लिहून ठेवली. त्यानंतर मराठी कीबोर्ड कितीही वेळा लावला, तरी मशीन बंद करून सुरू केलं की पुन्हा इंग्रजीच यायचा. चाळीसगावचा मेकॅनिक हात टेकून गेला, मग जळगावचाही गेला. हे कानावर आलं तेव्हा तिचा जीव थंडावला. बाळाला पाजताना ती एकटीच हसायची.

एक दिवस फोन आला. "ताई, मी दीपमाला. तुमच्या जागी लागलेय. मशीनवर मराठी टिकतच नाही हो, आणि भाऊ म्हणतात, तुलाच टायपिंग येत नाही." मागून अमृतभाऊंचा आवाज ऐकू येत होता, तसाच चढलेला. निलोफरचं हसू विरलं. मारलेला दगड भलत्याच पोरीला लागला होता. तिने ती फाईल कुठे आहे ते सांगितलं आणि आतली शेवटची ओळ वाचायला लावली.

"सापडली, ताई! पुसून टाकू?"

"पूस," निलोफर म्हणाली. "पण आधी पाठ कर. तुलाही ते एक दिवस काढतीलच."