शेळीची फाइल

डॉ. केतकी सरनोबत दिल्लीला निघाल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना दारात थांबवून तळहातावर चमचाभर दही ठेवलं. केतकीताई दचकल्याच. गेली सात वर्षं देशात कुणाच्या घरी दही लागलं नव्हतं. गाईम्हशींच्या दुधातल्या एका एन्झाइमची रचना त्यांनीच अशी काही बदलली होती, की दूध महिनाभर नासत नसे आणि त्यात विरजणही जगत नसे.

"हे कुठून आणलंत, आई?"

"शेळीच्या दुधाचं आहे. शेळी तुम्हा लोकांच्या लक्षातच आली नाही. मागच्या वेळी दह्याशिवाय गेलीस आणि विमानतळावरूनच परत आलीस, आठवतंय ना?"

केतकीताईंच्या बॅगेत नेमकी शेळ्यांवरच्या प्रयोगाची फाइल होती. आज तिच्यावर मंत्र्यांची सही व्हायची होती. त्यांनी तळहात चाटला. काही उरलं नव्हतं, तरी पुन्हा एकदा चाटला.

"आई, ही फाइल जरा घरीच ठेवता?"

सासूबाईंनी फाइल उलटसुलट करून पाहिली आणि दह्याच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली.

"बरोबर बसतेय," त्या म्हणाल्या.