ढाण्याचा धनी

“ये कुत्ता किसका है?” निळ्या वर्दीतल्या नेपाळी शिपायानं जीपच्या खिडकीतून आत वाकून विचारलं.

“आमचा न्हाई, साहेब,” अजिनाथ घाईनं म्हणाला. मग तेच त्यानं हिंदीत सांगितलं.

मागच्या सीटवर त्याची आई, तुळजाबाई, बसली होती. त्यांचा तांबूस कुत्रा, ढाण्या, तिच्या पायाशी होता. तिच्या लुगड्याच्या काठावर हनुवटी टेकून तो चार दिवसांत चकलांब्याहून थेट नेपाळच्या हद्दीपर्यंत आला होता. तिनं मुलाकडं पाहिलं. अजिनाथ रस्त्यावरच्या आडव्या बांबूकडं बघत होता.

ढाण्या खरं तर अजिनाथच्या वडलांचा. ते दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून तो तुळजाबाईच्याच हातून खायचा आणि त्यानं तोंड लावल्याशिवाय तीही ताटावर बसत नसे. पशुपतिनाथाला नेईन, असा शब्द नवऱ्यानं तिला दिला होता. तो आता मुलगा पुरा करत होता. अजिनाथ शाळेची बस चालवायचा. दिवाळीची सुटी लागली, तशी शेजारच्या सुग्रीवनं आपली जीप काढली आणि तोही बरोबर निघाला. तुळजाबाईनं एकच अट घातली होती. ढाण्या येणार असेल तरच ती येणार.

सुग्रीव वाटभर चिडवत आला होता. माणसाला दाखवायला आधार कार्ड हाय, कुत्र्याचं काय दाखवणार बे, म्हणून तो खो खो हसायचा. परमुलखात जायला कुत्र्याला टोचल्याचा कागद लागतो, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. ढाण्याला जन्मात कुणी टोचलं नव्हतं. त्यामुळं हद्द जवळ येईल तसा अजिनाथ गप्प होत गेला होता. त्यात ती वर्दी. गावाकडं वर्दीतल्या माणसानं ‘हे कुणाचं?’ असं विचारलं, की कालव्यातला पाइप असो की दुसऱ्याच्या रानात शिरलेली म्हैस, पहिलं उत्तर ठरलेलं असतं, आमचं न्हाई.

शिपायानं पुन्हा एकदा विचारलं. सुग्रीवकडंही पाहिलं. त्यानंही नाही म्हणून मान हलवली. मग शिपायानं एक दोरी आणली, ढाण्याच्या गळ्यात सैलसर अडकवली आणि त्याला हळूच खाली उतरवलं.

तुळजाबाईनं काही बोलायला तोंड उघडलं.

“माय, गप बस,” अजिनाथ पुटपुटला. “तो तिथंच ऱ्हातोय. चार दिसांनी येतानी घेऊ.”

बांबू वर गेला. अजिनाथनं आरशात न बघता गिअर टाकला.

नुकतं उजाडत होतं. दोन तास जीप पुढं जात राहिली. डोंगर लागला, तशी त्यांनी चहासाठी एका टपरीपुढं जीप थांबवली. टपरीच्या पायरीवर एक काळा कुत्रा बसला होता. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा. पलीकडच्या दारातल्या कुत्र्यालाही हार होता. रस्त्यानं चाललेल्या लंगड्या कुत्र्यालाही होता.

सुग्रीवनं टपरीवाल्या बाईला विचारलं. आज कुत्र्यांचा सण आहे, ती म्हणाली. आज त्यांची पूजा करायची, त्यांना गोडाधोडाचं घालायचं. कुणी त्यांना मारत नाही, हाकलत नाही.

सुग्रीवनं चहाचा कप तसाच खाली ठेवला. कुत्रा आपला म्हटलं असतं, तरी आज तो सायब काहीच बोलला नसता बे, असं तो हळू आवाजात म्हणाला.

अजिनाथनं जीप परत फिरवली.

आता तो जोरात हाणत होता. तुळजाबाई खिडकीला कपाळ लावून रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं निरखत होती. अजिनाथला ते बघवत नव्हतं. तो तिकडं हद्दीवर हाय, इथं कशाला बघती, असं तो दोनदा म्हणाला. तिनं नजर काढली नाही. हद्द सात-आठ किलोमीटर राहिली असताना एक पूल लागला.

“थांबव,” ती म्हणाली. “ढाण्या हाय.”

अजिनाथनं आरशात पाहिलं. पुलाच्या कठड्याला टेकून एक तांबूस कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकत पडला होता. जीप पुढं गेली, तसा तो उठून उभा राहिला. असे तांबूस कुत्रे सकाळपासून दहा तरी दिसले होते.

“माय, त्याच्या गळ्यात हार हाय,” अजिनाथ म्हणाला. “आपल्या ढाण्याला इथं कोण हार घालणार? त्याला तिकडं बांधलंय.”

त्यानं वेग वाढवला. तुळजाबाई मागच्या काचेकडं वळून बसली.

हद्दीवर तोच शिपाई होता. अजिनाथनं जीप नीट उभीही केली नाही. खाली उडी मारून त्यानं हात जोडले. कुत्रा माझाच आहे, मी खोटं बोललो, कागद नाही म्हणून भ्यालो, असं तो एका दमात सांगून गेला. काय असंल तो दंड करा, पण कुत्रा द्या, म्हणाला.

शिपाई रागावला नाही. त्याला आधी काही कळेचना. मग त्यानं टेबलावरचं ताट दाखवलं. त्यात कुंकू होतं, झेंडूची फुलं होती आणि गोड रोटीचा उरलेला तुकडा होता. कागदाबद्दल त्यानं विचारलंच नव्हतं. घरच्या कुत्र्याला पहिला टिळा धन्यानं लावायचा असतो, म्हणून त्यानं धनी विचारला होता. एकदा नाही, दोनदा. धनी कुणीच नाही म्हटल्यावर बिचाऱ्याचा सण चुकू नये, म्हणून त्यानंच टिळा लावला, हार घातला.

“मग हाय कुठं तो?” अजिनाथनं विचारलं.

ज्या रस्त्यानं जीप आत्ता आली होती, त्याच रस्त्याकडं शिपायानं हात केला. दोरी सोडल्याबरोबर तो हारासकट तुमच्या गाडीमागं पळाला, तो म्हणाला. आज कुत्र्याला कोण अडवतं?