पेरलेला शब्द

"चोर तो चोरच," टोपी चढवत फुंग थिनमिन म्हणाले. "आज तिची यादी इंटरनेटवरून काढायलाच लावतो."

"पोरगी चांगली वाटते हो. जाऊ द्या ना," बायको ग्योकइन म्हणाली. ती बाजारात मुळ्याच्या वड्या विकायची.

"तुला काय कळतंय? तू आपल्या वड्या थाप!"

तरी ती सोबत निघालीच.

म्हातारा तिरसट खरा, पण रागाला कारण होतं. म्याओली भागातल्या घराघरांतून, चहाच्या मळ्यांतून हक्का बोलीचे शब्द वेचण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्या शब्दकोशाच्या पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं: परवानगीशिवाय काही उचलू नये. आणि या सिउलान नावाच्या कालच्या पोरीनं हक्का शब्दांची यादी करून, कुणीही घ्या, कशीही वापरा, म्हणून मोकळी सोडली होती.

तंटा समितीच्या कचेरीत ल्याओसाहेबांनी सिउलानसकट सगळ्यांना चहा ओतला. "काका, शब्द काही कुणाच्या बापाचे नसतात. तिनं तुमच्याच कोशातून उचलले, कशावरून?"

"'लुमसा'वरून." फुंग मिशीत हसले. "उशिरा येणाऱ्यासाठी चुलीवर झाकून ठेवलेला भात. हिच्या यादीत आहे. पण असा शब्दच नाही! चोर पकडायला मी तो स्वतः बनवून कोशात पेरला. आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा."

ग्योकइननं चहाचा पेला न पिताच खाली ठेवला.

सिउलान गोरीमोरी झाली. "काका, तुमचा कोश मी उघडलासुद्धा नाही. बाजारात सगळेच लुमसा म्हणतात. मला तो जिनं सांगितला, तिचा आवाज आहे माझ्याकडे."

"मग ऐकव की! घाबरतेस कशाला?"

सिउलाननं ग्योकइनकडे पाहिलं. ग्योकइननं मान खाली घातली. "लाव गं बाई आता."

फुंग गर्रकन वळले. "म्हणजे? घरचाच चोर? माझा कोश तू दिलास हिला?"

सिउलाननं फोन टेबलावर ठेवला. आधी बाजाराचा गलका, मग ओळखीचा आवाज.

"माझं नाव घालू नकोस हं, पोरी. आमच्या ह्यांच्या कोशातले सगळे शब्द लोकांच्या तोंडी आहेत, हा लुमसा एकटाच कुणी बोलेना. कुठून कुठून पायपीट करून आणला असेल त्यांनी, तो असा मरून गेला तर जीव तुटेल त्यांचा. म्हणून मग मीच प्रत्येक वडीबरोबर एकेकाला शिकवत सुटले."