बिनओरखड्याची दाढी

"गाल फुगवा. आन् हसू नका मधीच," भिमाबाई म्हणाली.

सहादूने गाल फुगवला. दाराला आतून कडी होती. बायको नवऱ्याची दाढी करते हे कॉलनीत फुटलं असतं तर त्याची चेष्टा वर्षभर पुरली असती. पण इलाज नव्हता. दोन वर्षं त्याचे हात थरथरत होते. चहाची बशी तोंडाशी येईपर्यंत अर्धी सांडायची. सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभा राहिला की आज एखादं बोट जाणार, या धास्तीतच त्याची पाळी संपायची.

रेझर देवळाली कॅम्पच्या बाजारातून आणलेला, स्वस्तातला, एकाच बाजूला धार असलेला. सुरुवातीला त्याने सहादूच्या गालांची पार चाळण केली होती. मग भिमाबाईने त्याचा स्वभाव ओळखला. आधी कढत पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर धरायचा. साबणाचा फेस ब्रशने सावकाश घोळवायचा. कातडी बोटांनी ताणायची आणि रेझर दाबायचा नाही, त्याच्याच वजनाने खाली येऊ द्यायचा. केस ज्या बाजूला वाढतात त्याच बाजूला. घाई केली की रक्त आलंच.

आज तर घाई करून चालणारच नव्हतं. अकरा वाजता कारखान्याच्या डॉक्टरांपुढे तपासणी होती. डॉक्टरांनी कामाला अपात्र ठरवलं की कामगार घरी बसायचा आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा लागायचा, अशी कारखान्याची रीत होती. सहादूचा रावजी मॅट्रिक होऊन सात वर्षं नुसता बसून होता. पुढच्या महिन्यात त्याला पंचवीस पूर्ण झाली की तो वयाच्या अटीत बसणार नव्हता. जे काही व्हायचं ते आजच होणार होतं.

"दाढी वाढवूनच गेलो असतो तर?" सहादूने विचारलं. "आजारी तरी दिसलो असतो."

"आन् केरूचं काय झालं, इसरले का?"

त्याच्याच खात्यातला केरू तसाच गेला होता, खुंटं वाढवून, मळका सदरा घालून. डॉक्टरांनी त्याचे थरथरणारे हात पाहिले, तोंड पाहिलं आणि 'दारूचा परिणाम' असा शेरा मारला. केरूने जन्मात थेंब घेतला नव्हता. त्याचीही नोकरी गेली आणि पोराचीही.

"साहेबापुढं माणसानं माणसासारखं जावं," भिमाबाई म्हणाली. तिने तुरटी फिरवली, मग दोन्ही गालांवरून तळहात. कुठेच टोचलं नाही. "बगा. नवरदेव दिसताय."

सहादूला हसू आलं नाही. आशा करून करून त्याला आता आशेचाच कंटाळा आला होता. रावजीचं नाव कितीदा कुठल्या कुठल्या यादीत लागलं आणि कितीदा निघालं, याचा हिशोब त्याने सोडून दिला होता. तरी तो बसच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून वेळेवर पोहोचला.

दवाखान्यात कंपाउंडर नाथा बाटल्या लावत होता. नाथा त्यांच्याच कॉलनीतला. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नळावर पोहोचायची.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "मुलगा पंचविशीला आला की बापाचे हात थरथरायला लागतात. या महिन्यातले तुम्ही चौथे."

डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, त्यावर कागद ठेवला. कागद फडफडून खाली पडला. पाण्याचा पेला दिला, पाणी सदऱ्यावर सांडलं. सही करायला लावली, ती ओळखू येईना. मग ते जवळ आले, डोळे पाहिले, तोंडाचा वास घेतला.

"दारू?"

"कधीच नाय, साहेब."

"दिसतंच आहे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "मुलगा काय शिकलाय?"

"मॅट्रिक, साहेब. दुसऱ्या वर्गात."

डॉक्टरांनी कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. फार दिवसांनी सहादूला वाटलं, होईल. रावजीचं होऊन जाईल.

पेन कागदाजवळ थांबलं. डॉक्टरांच्या हनुवटीवर कापसाचा बोळा चिकटला होता. तो त्यांनी हलक्या हाताने काढला, तेवढ्यात त्यांची नजर सहादूच्या गालांवर गेली.

"दाढी न्हाव्याकडे करता का हो?"

"नाय, साहेब. घरीच."

"कसला रेझर? माझा परदेशी आहे, तरी रोज रक्त निघतं. काय करता सांगा तरी."

सतरा वर्षांच्या नोकरीत सहादूला कुठल्या साहेबाने काही विचारलं नव्हतं. त्याला बरं वाटलं. त्याने सगळं सांगितलं. एका धारेचा रेझर, कढत टॉवेल, ताणलेली कातडी, दाबायचं नाही, घाई नाही. डॉक्टर मान हलवत ऐकत होते.

"आणि हे सगळं करतं कोण?"

बाटल्यांचा आवाज थांबला. नाथाने मान वळवली होती. सहादूला सगळं पुढचं दिसलं. आपण तर घरी बसणार, पण रावजी त्याच शेडमध्ये उभा राहणार. बायकोच्या हातून दाढी करून घेणाऱ्याचा पोरगा म्हणून त्याला पहिल्याच दिवशी हसतील. पोराची सुरुवात अशी नको व्हायला.

"मीच," सहादू म्हणाला. "रोज सकाळी. माझ्याच हातानं."

डॉक्टरांनी त्याच्या बिनओरखड्याच्या गालांकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या कागदाकडे. मग त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली, शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला.

"उद्या सातच्या पाळीला मशीनवर हजर व्हा."